श्रावणातलं कोंबडं

१

तळेगावच्या दवाखान्यातला तो केसपेपर मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'सोपानराव, वय बत्तीस. उजव्या हाताची चार बोटं मुळापासून गेली. कारण: रहाटणी येथे कडबाकुट्टीत हात सापडला.' खाली तारीख होती, नागपंचमीची.

"समदं खोटं हाय, साहेब," समोरच्या खुर्चीत अवघडून बसलेला सोपानराव म्हणाला. पट्टी बांधलेला हात त्याने पोटाशी धरला होता. "म्या उभ्या जन्मात रहाटणी बघितली न्हाई. माझी बोटं प्रेसखाली गेली. हितंच, चिंचवडात, रंगरावशेठच्या कारखान्यात."

साल सत्तावन्न. चिंचवड स्टेशनासमोर माझी वकिली होती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर 'अर्जुनराव, वकील' अशी पाटी. मुंबई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातून मोडकी माणसं माझ्याकडे येत होती. सोपानराव कळंबकडचा. रंगरावांच्या कारखान्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकायला पाच महिने होता.

"हजेरीपटावर नाव?"

"न्हाई."

"पगाराची चिठ्ठी?"

"हातात देत व्हते. येताना बी मागल्या दारानं या म्हणायचे."

यातली मेख मला ठाऊक होती. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं झाली की कारखान्यांचा कायदा लागतो. मग जाळ्या बसवा, तास पाळा, इन्स्पेक्टरला तोंड द्या. म्हणून रंगरावांच्या हजेरीपटावर कायम नऊ नावं. दहावा माणूस राबायचा, पण कागदावर तो जन्मालाच आलेला नसायचा.

आता माझ्यापुढे मार्ग किती होते? पोलिसांत जावं, तर ते केसपेपर बघणार. दिवाणी दावा लावावा, तर निकाल लागेपर्यंत सोपानरावाची लेकरं म्हातारी होणार. तिसरी वाट कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याची. अपघातापासून वर्षाच्या आत कमिशनरसाहेबांपुढे अर्ज टाकायचा. माणूस मालकाच्या कामावर होता आणि त्या कामात जखमी झाला, एवढं शाबीत झालं की पुरे. नाव न लिहिणं हा मालकाचा अपराध, कामगाराचा नव्हे! पण तो कामावर होता हे दाखवणार कोण? आणि ते दाखवता आलं नाही, तर हा माणूस उरलेल्या अंगठ्याने काय करून खाणार होता?

"आन वर कुणीतरी करणी बी केली आमच्यावर," इतका वेळ दाराशी उभी असलेली त्याची बायको शालनबाई एकदम बोलली. "हे दवाखान्यात व्हते. तिसऱ्या दिशी सांजच्याला आमच्या दारात झाकलेलं ताट. भात, कोंबड्याचा रस्सा, आन वर हळदकुंकू लावलेलं लिंबू. भर श्रावणात! गरिबाला काय श्रावण नसतो व्हय? म्या शिवले बी न्हाई. काठीनं लोटलं आन कुत्र्याला घातलं."

"बाई, करणीबिरणी सोडा," मी चिडून म्हणालो. "इथं माणसांनी केलंय ते निस्तरताना नाकीनऊ आलेत."

तेव्हा मी तिचं बोलणं नीट ऐकलं असतं, तर माझे दोन महिने वाचले असते.

२

रंगराव मूळचे गावातले जमीनदार शेतकरी. रस्त्याकडची शेती विकून त्यांनी कारखाना टाकला होता. मला बघून उठून उभे राहिले, चहा मागवला आणि मी काही विचारायच्या आत हजेरीपट माझ्यापुढे सरकवला.

"बघून घ्या, वकीलसाहेब. नऊ माणसं. आणि नागपंचमीला तर कारखानाच बंद. हे बघा, 'सुट्टी' म्हणून लिहिलंय."

"लिहिलंय तुम्हीच ना?"

"मग काय मशीन लिहिणार?" ते हसले. मग खणातून त्यांनी एक कागद काढला. 'मी रंगराव यांच्या कारखान्यात कधीही कामाला नव्हतो. माझ्या दुखापतीशी त्यांचा काही संबंध नाही.' खाली अंगठा.

हा अंगठा कसा घेतला ते सोपानरावाने मला सांगितलं होतं. दवाखान्यातला दुसरा दिवस. उजव्या हाताला पट्टी, ताप चढलेला, शुद्ध अर्धवट. मुकादम बबनराव खाटेशी येऊन बसला आणि त्याने डाव्या अंगठ्याला शाई लावली. विचारलं तर म्हणाला, दवाखान्याचा कागद आहे. माणूस किती खाली जाऊ शकतो, याचा मला वकिलीत रोज नवा अंदाज येतो.

"रंगराव, ज्याला तुम्ही ओळखत नाही, त्याच्याकडून 'आपला संबंध नाही' असं लिहून घ्यायला तुमचा माणूस तळेगावला गेला?"

"काळजी घेतलेली बरी. हल्ली लोक बोटं कुठं घालवतात आणि भरपाई कुठं मागतात, काही नेम नाही."

मी चहाला हातही लावला नाही. "भरपाईचा हक्क सोडून दिला म्हणून कामगाराने लिहून दिलं, तरी कायद्यात त्या कागदाला काडीची किंमत नाही."

"कामगाराने ना?" रंगराव शांतपणे म्हणाले. "तो कामगार होता हेच तर तुम्हाला दाखवायचंय. आमच्याकडे साक्षीदार आहे. रहाटणीचा मालोजी. त्याच्याच कडबाकुट्टीत ह्याचा हात गेला. तो शपथेवर सांगणार आहे."

३

माझा राग कोर्टात उपयोगी पडतो. शोध घेताना त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून मी भिमाजींना गाठलं आणि शालनबाईच्या ताटासकट सगळी हकिकत सांगितली. भिमाजी तीस वर्षं खडकीला फिटर होते. आता निवृत्त होऊन आकुर्डीत घरी बसले होते आणि सुनेच्या मते बसल्या जागी सगळ्यांच्या चुका काढत होते. मशीनवर काम करणाऱ्या माणसांची त्यांना नस न् नस ठाऊक. सायकलवर डबलसीट घेऊन मी त्यांना रहाटणीला नेलं. वाटभर ते माझ्या सायकलच्या चेनीला नावं ठेवत होते.

मालोजी पन्नाशीचा, अंगाने दणकट. आम्हाला गोठ्यात नेऊन त्याने कडबाकुट्टी दाखवली. पाठ केल्यासारखा बोलला.

"नागपंचमीला दुपारी त्यो मजुरीला आला. म्या चाक फिरवत व्हतो, त्यो कडबा सारत व्हता. हात आत गेला. तसाच लॉरीत घालून तळेगावला नेला."

"पुणं जवळ असताना तळेगावला?" मी विचारलं.

"लॉरी तिकडंच चालली व्हती."

मी आणखी चार प्रश्न टाकले. मालोजी जागचा हलला नाही. भिमाजींनी काहीच विचारलं नाही. ते ओसरीवर बसले आणि आतून चहा घेऊन आलेल्या मालोजीच्या आईशी, सावित्रीबाईंशी, गप्पा मारू लागले.

"आक्का, नागपंचमीला काय केलं व्हतं औंदा?"

"दुसरं काय? पुरणाची दिंडं," म्हातारी खुलली. "उकडलेली. आमच्यात त्या दिशी चुलीवर तवा चढत न्हाई. चिरत न्हाई, कापत न्हाई. सुना नव्या हायती, पर म्या इळी बी उभी करू देत न्हाई कुणाला. नागोबाला लागतं."

"व्हय, व्हय. आमच्याकडं बी तसंच," भिमाजी बशीत चहा ओतत म्हणाले. "मंग त्या दिशी कडबाकुट्टी कशी चालली, आक्का?"

म्हातारीने मालोजीकडे पाहिलं. मालोजीने जमिनीकडे पाहिलं.

"कुणाची कडबाकुट्टी?" सावित्रीबाई कडाडल्या. "माझ्या गोठ्यात? नागपंचमीला? मालोज्या, काय सांगितलंस ह्यांना?"

मालोजी आम्हाला वेशीपर्यंत सोडायला आला. "रंगराव माझा चुलतभाऊ हाय," एवढंच म्हणाला. "साक्षीला यायचं का न्हाई ते बघतो."

परतताना मी खुशीत होतो. रहाटणीत काही झालंच नव्हतं!

"पर चिंचवडात झालं ह्ये कुठं कळलं?" मागून भिमाजी म्हणाले. "उद्या त्ये दुसरं गाव सांगतील, वकीलसाहेब. मला ती मशीनं बघायची हायेत."

४

रंगरावांना स्वतःवर इतका भरवसा की त्यांनी कारखाना बघायला सरळ परवानगी दिली. वर बबनरावाला बरोबर दिलं. हा मुकादम म्हणजे बारीक डोळ्यांचा, सावध माणूस. सबंध वेळ आमच्या आणि कामगारांच्या मध्ये उभा राहिला.

आत तीन प्रेस ओळीत होत्या. पायाने पायडल दाबलं की वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली यायचा आणि पत्र्याचं झाकण तयार. माणसाने हात आत घालून पत्रा ठेवायचा, हात काढायचा, मग पाय दाबायचा. दिवसातून हजारो वेळा. एकाही प्रेसला जाळी नव्हती. एकदा पाय आधी पडला की संपलं. एवढी साधी जाळी! मी काही बोलणार, तेवढ्यात भिमाजींनी माझा दंड दाबला.

मधल्या प्रेसवर एक तरुण बसला होता. "माझा थोरला, ज्योतीराम," बबनराव म्हणाला. त्या वेळी मात्र त्याच्या आवाजात माया होती. "लई सफाईचा हात हाय. लग्न ठरलंय माघात."

मधल्या प्रेसच्या खालची फरशी बाकीच्यांपेक्षा स्वच्छ होती. बबनराव म्हणाला, तेल सांडलं होतं, घासून काढलं. असेलही. जखमेवरून काही कळायची सोय नव्हती. डॉक्टरांनी ती कापून सारखी केली होती. कामगारांना विचारावं, तर सगळ्यांची तोंडं शिवलेली.

ज्योतीराम पाणी प्यायला उठला. तेवढ्यात भिमाजी जाऊन त्याच्या जागेवर बसले. हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. कपाळावर आठ्या. म्हातारा घाबरला की काय, असं मलाच वाटलं.

शेजारच्या प्रेसवरचा एक पिकल्या केसांचा कामगार खाली मान घालून हळूच बोलला, "बसा काका, बिनघोर बसा. त्याला शांत केलंय."

"ए! कामाकडं बघ!" बबनराव ओरडला.

भिमाजी उठले. ते तडक बाहेर रस्त्यावर आले. मग धोतराने घाम पुसत म्हणाले, "वकीलसाहेब, शालनबाईच्या दारात आलं, त्ये ताट करणीचं नव्हतं."

५

"मशीननं माणसाचं रक्त घेतलं की बाकीचे गडी त्याला हात लावत न्हाईत," भिमाजी सांगू लागले. "मालकानं कोंबडं द्यायचं. मशीनम्होरं कापायचं, रक्ताचा थेंब लोखंडाला लावायचा. मंग त्ये शांत झालं. आन ज्याचं रक्त सांडलं, त्याच्या घरी त्यातला वाटा जातो. लिंबू ठेवून. त्यो गेल्याबिगर काम पुरं हुत न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. नागपंचमीला कागदावर सुट्टी. घाईची मागणी पुरी करायला मागच्या दाराने एकटा सोपानराव बोलावलेला. बोटं गेली. बबनरावाने त्याला लॉरीत घातलं आणि दवाखान्यात कडबाकुट्टी सांगितली. दुसऱ्या दिवशी नऊ गडी आले, त्यांना फरशीच्या फटीत रक्त दिसलं आणि मधल्या प्रेसवर कोणी बसेना. श्रावण संपेपर्यंत थांबावं, तर एक प्रेस महिनाभर बंद. म्हणून भर श्रावणात कोंबडं!

आणि मला जो संताप आला, तो आजही तसाच आहे. या लोकांनी सोपानरावाला हजेरीपटावरून, दवाखान्याच्या कागदावरून, खुद्द त्याच्याच अंगठ्याने पुसून टाकलं होतं. माणसाला फसवताना हे जराही कचरले नाहीत. लोखंडाला फसवायची मात्र छाती झाली नाही!

"पण शिजवलं कोणी?" मी विचारलं. "श्रावणात कुठल्या घरी कोंबडं शिजेल?"

"घरी न्हाई शिजणार. खानावळीत शिजंल," भिमाजी म्हणाले.

कारखान्याच्या फाटकाशेजारी मंजुळाबाईंची खानावळ होती. विधवा बाई, साठीच्या घरातली. भिमाजींनी श्रावणाचा विषय काढताच तिच्या हातातली भाकरी थापायची थांबली.

"बबनराव आला व्हता कोंबडं घिऊन," ती शेवटी म्हणाली. "आजारी माणसाला ताकद यावी म्हनून रस्सा पायजे, म्हनाला. माझी चूल बाटली. शिजवलं, वाटा काढून दिला. त्यानं वर लिंबू ठेवलं तवा माझ्या ध्येनात आलं."

"हे कमिशनरसाहेबांपुढे सांगाल?"

"न्हाई," ती चटकन म्हणाली. "ही जागा रंगरावाची हाय. उद्या मला उठवलं तर ह्या वयात कुठं जाऊ?"

मी खूप बोललो. कायदा सांगितला, न्याय सांगितला, आवाजही चढवला. बाईने तोंड फिरवलं आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली. आमच्याकडे होतं ते एवढंच: एक कोंबडं, आणि त्याबद्दल बोलायला कोणी तयार नाही.

६

सुनावणी पुण्यात, मार्गशीर्षात. रंगरावांनी पुण्याचा नावाजलेला वकील दिला होता. मालोजी काही आलाच नाही. त्याच्या आईने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही, असं पुढे कळलं. समोरचे वकील म्हणाले, काही बिघडत नाही, केसपेपर आहे, अंगठा आहे, हजेरीपट आहे. अर्जदाराकडे काय आहे?

माझ्याकडे सोपानराव होता. त्याने सगळं खरं सांगितलं आणि उलटतपासणीत त्याच्या चिंध्या उडाल्या. नाव कुठं आहे? चिठ्ठी कुठं आहे? सोबत कोण होतं? प्रत्येक प्रश्नाला बिचारा "न्हाई" म्हणत होता आणि दर वेळी त्याची मान आणखी खाली जात होती. शालनबाई बाकावर पदर तोंडात धरून बसली होती.

शालनबाईची साक्ष झाली. तिने दारात आलेल्या ताटाचं सांगितलं. ते कोणी आणलं? माहीत नाही. समोरचे वकील हसले. "करणीचा पुरावा या कोर्टात चालत नाही, बाई."

"तुमच्याकडे आणखी साक्षीदार आहे का?" कमिशनरसाहेबांनी मला विचारलं.

मी नाही म्हणणार, एवढ्यात दार उघडलं. मंजुळाबाई आत आल्या, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. चिंचवडहून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या.

"चूल माझी बाटली," त्या पिंजऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आन वर गप बसायचं पाप बी म्याच घिऊ?" मग त्यांनी कोंबडं, रस्सा, लिंबू सगळं सांगितलं.

रंगरावांचा चेहरा उतरला. पण बबनराव काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याला पिंजऱ्यात बोलावलं, तेव्हा तो सावकाश उत्तरं देऊ लागला.

"कोंबडं आणलं होतं?"

"व्हय. माझा नवस व्हता."

"श्रावणात?"

"देवाला बोललेलं असतं, साहेब. येळ टळत न्हाई."

"मग वाटा कोणाच्या दारात ठेवला?"

"कुणाच्याच न्हाई. घरी नेला, पोरांनी खाल्ला. दुसरं मला काय बी ठावं न्हाई."

समोरचे वकील पुन्हा खुर्चीत रेलले. मी मागे वळून भिमाजींकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्यांनी मला एक प्रश्न शिकवून ठेवला होता. तो शेवटी विचारायचा आणि विचारून झाल्यावर काही बोलायचं नाही, अशी ताकीद दिली होती. मला तो प्रश्न खुळचट वाटला होता.

"बबनराव, शालनबाई बोलल्या तेव्हा तुम्ही बाहेर होतात. म्हणून सांगतो. त्यांच्या दारात जे ताट आलं, ते त्यांनी खाल्लं नाही. शिवलंसुद्धा नाही. कुत्र्याला घातलं. हे तुम्हाला माहीत होतं?"

मी गप्प राहिलो.

बबनरावाने कठडा धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने शालनबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"खाल्लं न्हाई?" तो पुटपुटला. "सोपानरावानं बी न्हाई? एक घास बी?"

"त्ये दवाखान्यात व्हते," शालनबाई म्हणाली. "आन आमाला श्रावण व्हता."

"मंग त्ये शांत झालंच न्हाई!" बबनराव किंचाळला. "शेठ, मशीन थांबवा! माझा ज्योतीराम बसलाय तिथं! चार म्हैने झाले बसलाय! ह्याच्या घरानं वाटा न्हाई खाल्ला, त्ये परत मागणार! कुणीतरी सायकल पाठवा, शेठ, मधली प्रेस थांबवा!"

"गप्प बस!" रंगराव उभे राहून ओरडले.

"काय गप बसू? तुमीच म्हनला व्हता, वाटा पोचव म्हंजी झालं!"

कमिशनरसाहेबांनी टाक खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि ते वाक्य शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मधल्या प्रेसवर बोटं कोणाची गेली?"

"सोपानरावाची," बबनराव म्हणाला आणि पिंजऱ्यातच खाली बसला.

७

निकाल आमच्या बाजूने लागला. सोपानराव रंगरावांचा कामगार ठरला, भरपाईचा हुकूम झाला आणि तो अंगठ्याचा कागद कायद्याने रद्दी ठरला. वेगळा अर्ज करून मी हा कारखाना सरकारी इन्स्पेक्टरच्या नजरेस आणून दिला. त्यांची तपासणी महिन्याने होणार होती.

निकालाची प्रत घ्यायला सोपानराव माझ्याकडे आला. शालनबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. भिमाजींनी पेढे मागवले आणि पेढ्यात साखर जास्त म्हणून कुरकुर केली. मी मात्र अजून धुमसत होतो. त्या कचेरीत एका बापाच्या काळजाचं पाणी झालेलं मी पाहिलं होतं आणि मला त्याची दया येत नव्हती. त्याच प्रेसखाली दुसऱ्याच्या लेकाचा हात गेला, तेव्हा हा बाप शाई शोधत होता!

"साहेब, येक इचारू?" सोपानराव म्हणाला. "ज्योतीरामाला तर त्याच सांजंला उठवला. मंग आता तिथं कोण बसतंय?"

मला ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलंच नव्हतं.

मी, सोपानराव आणि भिमाजी तडक निघालो. फाटकावर कोणी अडवलं नाही. निकालानंतर माझं तोंड ओळखीचं झालं होतं. बबनराव आम्हाला बघून शेडच्या टोकाला निघून गेला. मधली प्रेस धाडधाड चालू होती. जाळी नव्हती. तिथे एक कोवळ्या मिशांचा गडी बसला होता, डोक्याला धुळकट पटका, कोपरापर्यंत तेल. सोपानरावासारखाच दूरच्या मुलखातून आलेला दिसत होता.

"कधी लागलास?" मी विचारलं.

"चार दिस झाले."

"नाव काय तुझं?"

त्याने मुकादमाकडे नजर टाकली. "कुणी इचारलं तर सांगू नगं म्हनलेत," तो म्हणाला आणि पत्रा ठेवायला पुन्हा हात आत घातला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बबनरावाकडे धावणार, एवढ्यात सोपानराव पुढे झाला. त्याने वाकून त्या गड्याचा पाय पायडलवरून बाजूला केला. मग आपला उजवा हात, नुसता अंगठा उरलेला, त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

"हितं गेली," तो म्हणाला. "नाव सांग बाबा. ह्ये साहेब लिहून घेतील. हात हाय तवरच सांग. नंतर लई वरडावं लागतं."

गडी त्या हाताकडे बघत राहिला. शेजारच्या दोन्ही प्रेस थांबल्या. मी खिशातून वही काढली.

"मारुतराव," तो मोठ्याने म्हणाला. "गाव भूम. हितं कामाला हाय."